यवतमाळ ते वणी, विजेच्या गाडीतून

गेल्या वर्षी चार-पाच महिने आमच्या घरी जेवायला बसले की एकच विषय निघत होता. विजेवर चालणारी मोटार घ्यायची की नाही घ्यायची? मुलगा म्हणे, घ्यायचीच. मुलांची आई म्हणे, ‘पाहा बाप्पा, तुमचं तुम्ही.’ सूनबाई काहीच बोलत नसे. आणि मी हिशेबाची वही उघडून बसत असे. सोयऱ्याधायऱ्यांकडे गेलो तरी हाच प्रश्न कानावर येतो. म्हणून आमच्या घरी काय घडले आणि त्या निमित्ताने यवतमाळ ते वणी असा दोन दिवसांचा प्रवास कसा झाला, ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवावे असे वाटले.

आधी घरची परिस्थिती सांगतो, कारण गाडीचा निर्णय घरच्या परिस्थितीतूनच होतो. मी एस.टी.च्या कार्यशाळेत एकतीस वर्षे यांत्रिकाचे काम केले. निवृत्तीच्या वेळी फंड आणि ग्रॅच्युइटी मिळाली. त्यातून मुलीचे लग्न झाले, घरावर स्लॅब पडला आणि साडेचार लाख रुपये बँकेत ठेव म्हणून राहिले. मुलगा लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, महिन्याला सोळा-सतरा हजार हातात येतात. सूनबाई कंत्राटी परिचारिका आहे. तिचे उपकेंद्र घरापासून बावीस किलोमीटरवर आहे. नात यंदा दहावीला आहे. मुलांच्या आईला दर महिन्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात तपासणीसाठी न्यावे लागते. मुलगी वणीला दिली आहे.

मुलाचे म्हणणे असे होते : ‘बाबा, ठेवीतले चार लाख भरू, पाच लाखांचे कर्ज काढू. पेट्रोलचा खर्च नाही, आवाज नाही, धूर नाही. आईला बसच्या गर्दीत किती दिवस नेणार?’ यात खोटे काहीच नव्हते. पण साडेचार लाखांपैकी चार लाख गेले की घरात उरते काय, हा विचार मला रात्री झोपू देत नव्हता.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वाहनाचा प्रश्न नवा नाही. सोळा तालुक्यांचा हा पसरलेला जिल्हा. उमरखेडचा माणूस नांदेडला जवळ आणि वणीचा माणूस चंद्रपूरला जवळ. इंग्रजांच्या काळात इथला कापूस बाहेर नेण्यासाठी १९०३ साली यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची रेल्वे झाली. तीच आपली शकुंतला. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, पुढे डिझेलचे आले आणि आता तर ती धावतच नाही. वर्ध्याहून नांदेडला जाणाऱ्या मोठ्या रेल्वेचा वर्धा ते कळंब एवढा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. म्हणजे रेल्वे कळंबपर्यंत आली. तोवर जिल्ह्याच्या गावाला आधार होता तो एस.टी.चा. आमची हयात त्याच एस.टी.च्या इंजिनाखाली झोपून गेली, म्हणून गाड्यांविषयी मी भावनेपेक्षा पान्ह्याने विचार करतो.

पण एक गोष्ट पान्ह्यात बसत नाही. एका रात्री मुलगा म्हणाला, ‘बाबा, सगळा हिशेब पैशाचाच असते काय?’ मी गप्प बसलो. कारण वाहन म्हणजे आपल्या लोकांसाठी नुसती सोय नव्हती. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले तेव्हा एकही टांगेवाला त्यांना बसवून घ्यायला तयार झाला नाही. शेवटी वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने आणला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. वाटेत पुलाजवळ अपघात झाला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ज्या समाजाच्या नेत्याला पैसे देऊनही टांगा मिळत नव्हता, त्या समाजातल्या पोराला आपल्या दारात आपली गाडी उभी असावी असे वाटले, तर त्याला हौस म्हणून हसता येत नाही. मात्र ही गोष्ट मनात ठेवूनही हिशेब करावाच लागतो. मान मिळावा म्हणून घेतलेली गाडी हप्ते थकून बँकेने ओढून नेली, तर त्यात मान राहत नाही.

शेवटी असे ठरले की ऐकीव गोष्टींवर भांडण्यापेक्षा एकदा त्या गाडीतून जाऊन पाहावे. माझा भाचा नागपूरला नोकरी करतो. त्याच्याकडे विजेवरची लहान मोटार आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, तो शनिवारी सुटी काढून गाडी घेऊन आला. म्हणाला, ‘मामा, चला. मामीला घेऊन वणीला जाऊन येऊ. मग तुम्हीच सांगा.’

नागपूरहून यवतमाळला येईपर्यंत दीडशे किलोमीटर झाले होते आणि बॅटरीत वीस टक्के उरले होते. घरी गाडी लावायची म्हणून मी आधी आमचे वीजबिल काढले. त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो आपण कधी वाचत नाही. आमचा निघाला एक किलोवॅट. गाडीचे घरगुती चार्जर तीन किलोवॅटच्या वर ओढते. म्हणजे आमच्या अख्ख्या घराला जेवढी परवानगी, त्याच्या तिप्पट ती एकटी खाणार. म्हणून आम्ही शहरातल्या चार्जिंग स्टेशनवर गेलो. तासाभरात नव्वद टक्के भरली. युनिटमागे वीस रुपयांच्या आसपास पडले आणि साडेतीनशे रुपये झाले.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. गाडीचे युनिट म्हणजे आपल्या घरच्या मीटरवरचेच युनिट. हजार वॅटची शेगडी तासभर चालली की एक युनिट. भाच्याच्या गाडीची बॅटरी चोवीस युनिटांची आहे. कागदावर ती तीनशेच्या वर किलोमीटर जाते असे लिहिलेले असते. पण ती चाचणी ठरावीक वेगाने, ठरावीक पद्धतीने झालेली असते. भाचा म्हणाला, ‘मी दोनशेच धरतो. मे महिन्यात एसी लावला की त्याहून कमी.’ हा त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला. एका युनिटात सात-आठ किलोमीटर, एवढे लक्षात ठेवले की पुढचा हिशेब कोणालाही करता येतो.

दहा वाजता निघालो. भाचा गाडीला, मुलगा त्याच्या शेजारी, आम्ही दोघे मागे. जोडमोहा, मोहदा करत महामार्गाला लागलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी फुटलेली पऱ्हाटी, मधे तुरीचे तास, बायांच्या कमरेला बांधलेले ओटे कापसाने फुगलेले. गाडीला आवाज नसल्यामुळे वेचणाऱ्या बायांचे बोलणेसुद्धा ऐकू येत होते. एकतीस वर्षे इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणाऱ्या माझ्यासारख्याला ते चमत्कारिकच वाटले. गिअर नाही, क्लच नाही, धक्का नाही. मुलांची आई मागे टेकून म्हणाली, ‘पोटातलं पाणी हालत नाही हो.’ मुलाने आरशातून माझ्याकडे पाहिले. एक गुण त्याच्या बाजूने झाला.

यांत्रिक म्हणून मलाही काही गोष्टी पटल्या. या गाडीत इंजिन ऑईल नाही, फिल्टर नाही, सायलेन्सर नाही. झिजणारे भाग फार थोडे. शिवाय उतारावर पाय काढला की मोटर उलटी वीज तयार करून बॅटरीत भरते. यवतमाळ उंचावर आहे, वणी वर्धा नदीच्या खोऱ्यात दोनेकशे मीटर खाली आहे. जाताना त्याचा थोडा फायदा होतो. मात्र येताना तेवढाच चढ असतो, हे मी मुलाला तेव्हाच बोलून ठेवले.

महामार्गावर करंजीहून आम्ही मारेगावकडे वळलो. ही वाट मला जुनी. बंद पडलेल्या बसमागे व्हॅन घेऊन किती वेळा आलो असेन. एक वाजायच्या आत वणीला पोहोचलो. एकशे दहा किलोमीटर झाले होते आणि बॅटरीत तीस टक्के उरले होते. कागदावरचा हिशेब नाही, भाच्याचा हिशेब खरा ठरला.

जावई खाणीवर कंत्राटदाराकडे डंपर चालवतो. संध्याकाळी त्याने आम्हाला खाणींच्या बाजूला फिरवून आणले. उकणी, मुंगोली, निलजई ही नावे आपण ऐकतो. प्रत्यक्ष पाहिले म्हणजे माणूस गप्प होतो. जमीन पायऱ्या-पायऱ्यांनी खोल कापत नेलेली, वर काढलेल्या मातीचे डोंगर आणि रस्त्याने कोळशाच्या गाड्यांची रांग. झाडाचे पान हिरवे असते हे तिथल्या रस्त्याकडेच्या झाडाला सांगावे लागेल. मुलीच्या घरी दिवसातून दोनदा ओसरी पुसावी लागते आणि फडके काळे निघते. लहान नातवाला खोकला आहे.

जावई सहज बोलला, ‘मामाजी, तुमची गाडी धूर सोडत नाही म्हणता. तिचा धूर इकडं आमच्याकडं निघते.’ हे त्याने रागाने म्हटले नाही, पण माझ्या मनात घर करून राहिले. हिशेब केला तर औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करायला अर्धा ते पाऊण किलो कोळसा लागतो. म्हणजे भाच्याची बॅटरी एकदा पूर्ण भरायची तर पंधरा-सोळा किलो कोळसा जळतो. पलीकडे चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचे केंद्र आहे, त्याच्या चिमण्या तिकडे गेलेल्या प्रत्येकाने पाहिल्या असतील. पेट्रोलच्या गाडीपेक्षा विजेची गाडी एकूण कमी प्रदूषण करते, हे खरे आहे. शहरातल्या रस्त्यावर धूर सोडत नाही, हेही खरे. पण ‘प्रदूषणमुक्त’ हा शब्द वणीच्या ओसरीवर उभे राहून उच्चारता येत नाही. उद्या वीज उन्हापासून जास्त होऊ लागली तर ही गोष्ट बदलेल. ज्यांच्या घराला स्लॅब आहे त्यांना छतावर सौर संच बसवण्यासाठी केंद्राची २०२४ पासूनची योजना आहे. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे तीस हजार रुपये अनुदान मिळते. टिनाच्या घरात भाड्याने राहणाऱ्याला मात्र ते जमत नाही.

रात्री खरी परीक्षा झाली. फिरून आल्यावर बॅटरी अठरा टक्क्यांवर आली होती. जावयाच्या भाड्याच्या घरी पाण्याच्या मोटारीसाठी पंधरा अँपिअरचा एक पॉइंट होता. नऊ वाजता गाडी तिथे लावली. सकाळपर्यंत पूर्ण भरेल असा अंदाज होता. सव्वाअकरा वाजता मी सवयीने बोर्डाला हात लावून पाहिला. बोर्ड चटका बसेल एवढा तापला होता आणि प्लास्टिकचा वास येत होता. आतली वायर पातळ होती आणि जुनी होती. पाण्याची मोटार दहा मिनिटे चालते, तेव्हा ते कळत नाही. तीन किलोवॅट सलग आठ तास चालले म्हणजे कळते. मी लगेच बटण बंद केले. त्या घरात माझी मुलगी आणि दोन लेकरे झोपली होती. मुलगा म्हणाला, ‘थोडं थंड होऊ द्या, मग पुन्हा लावू.’ मी म्हटले, ‘नाही लावायची.’ आमच्यात त्या रात्री एवढेच बोलणे झाले.

सकाळी बॅटरीत चव्वेचाळीस टक्के होते. यवतमाळ गाठायला चढ धरून पासष्ट-सत्तर टक्के तरी हवे. मोबाईलवर वणीत एक स्टेशन दाखवत होते. गेलो तर बंद. म्हटले, महामार्गावर भरू. करंजीपर्यंत एसी न लावता, पन्नासच्या वेगाने आलो. महामार्गावर ज्या स्टेशनच्या भरवशावर आलो होतो, तिथे एकच यंत्र होते आणि ‘बंद आहे’ असा कागद त्यावर चिकटवला होता. बॅटरीत वीस टक्के उरले होते. पुढे पासष्ट किलोमीटरची वाट, तीही चढाची. भाचा जो आतापर्यंत हसत होता, तोही गंभीर झाला.

शेवटी रस्त्याच्या कडेला एक वेल्डिंगचे दुकान दिसले. तिथे थ्री फेजची लाईन होती, वायर जाड होती, अर्थिंग चांगले होते. अर्थिंग नसेल तर या गाड्यांचे चार्जर वीज घेतच नाही, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. दुकानदाराला अडचण सांगितली. त्याने आमचे नाव, गाव, जात, काही म्हणजे काही विचारले नाही. ‘लावा ना बाप्पा, काहून विचारता?’ म्हणाला आणि खाट टाकून दिली. मला चाळीसगावचा टांगेवाला आठवला. दिवस बदलतात, पण आपोआप बदलत नाहीत, कोणीतरी त्यासाठी पाय मोडून घेतलेला असतो, एवढेच त्या खाटेवर बसून मनात आले.

तीन तास आम्ही तिथे बसलो. कापसाच्या गाड्या जात होत्या, धूळ उडत होती. मुलांच्या आईने बिनजेवणाचीच गोळी घेतली. साडेबाराच्या सुमारास समोरून यवतमाळकडे जाणारी लाल बस गेली. ती बसकडे पाहत राहिली आणि मग सावकाश म्हणाली, ‘अर्ध्या तिकिटात घरी पोचली असती मी.’ आम्ही सगळे हसलो. मुलगाही हसला. पण मग तो उठून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. दुकानदार वेल्डिंगचा चष्मा वर करून मला म्हणाला, ‘काका, गाडी बेस आहे. पण रात्री दोन वाजता बाईचं काही झालं असतं त?’ याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

तीन तासांत आठेक युनिटे मिळाली. मी दोनशे रुपये पुढे केले, त्याने शंभर परत केले. साडेतीनला घरी पोहोचलो तेव्हा बॅटरीत तेरा टक्के होते.

त्या आठवड्यात मी आणि मुलगा वही घेऊन बसलो. भांडायचे नाही, फक्त आकडे लिहायचे, असे ठरवले. ते आकडे इथे देतो. प्रत्येकाने त्यात आपल्या घरचे आकडे घालून पाहावेत.

पहिला आकडा किमतीचा. लहान पेट्रोल गाडी रस्त्यावर येईपर्यंत सहा लाखांच्या आसपास, विजेची नऊच्या आसपास. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवर तो २०१९ पासून ५ टक्केच आहे. त्यामुळे दोघींच्या किमतीतले अंतर वाढले. अंतर धरा तीन लाखांचे.

दुसरा आकडा चालवण्याचा. पेट्रोल लिटरमागे शंभराच्या वर आहे. लिटरला अठरा किलोमीटर धरले तर किलोमीटरला पावणेसहा-सहा रुपये. विजेचे काय? महावितरणच्या बिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि १०१ ते ३०० युनिटांचा दर त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. पहिली शंभर तर पंखा, कूलर, टीव्हीतच संपतात. म्हणजे गाडीला लागणारे प्रत्येक युनिट महागाचेच. तरीही किलोमीटरला दोन रुपयांच्या आतच पडते. वाटेत जाणारी वीज धरून दोन रुपये समजा. म्हणजे विजेची गाडी किलोमीटरमागे चार रुपये वाचवते. हा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

तिसरा आकडा आमचा. तीन लाख रुपये चार-चार रुपयांनी वसूल व्हायला पंचाहत्तर हजार किलोमीटर गाडी चालली पाहिजे. आमच्या फेऱ्या मोजल्या : महिन्याला एकदा सेवाग्राम, दोन महिन्यांतून एकदा वणी, तीन महिन्यांतून एकदा नागपूर आणि गावातले काम. सगळे मिळून महिन्याला पाचशे किलोमीटर. वर्षाला सहा हजार. म्हणजे पंचाहत्तर हजार व्हायला साडेबारा वर्षे. बॅटरीची हमी बऱ्याच कंपन्या आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची देतात. आमची हमी गाडी घराखाली उभी राहूनच संपणार.

मुलाने हे आकडे दोनदा तपासले. मग स्वतःच म्हणाला, ‘जो रोज शंभर किलोमीटर चालवते, त्याचे अडीच-तीन वर्षांत वसूल होते.’ अगदी बरोबर. भाड्याची गाडी चालवणारा, रोज लांबच्या नोकरीवर जाणारा, माल पोहोचवणारा, अशा माणसाला विजेचे वाहन फायद्याचे आहे. ज्याची गाडी आठवड्यातून सहा दिवस कडुनिंबाखाली उभी राहते, त्याच्यासाठी नाही.

चौथा आकडा हप्त्याचा. पाच लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी, म्हणजे महिन्याला आठ हजारांच्या आसपास. मुलाच्या पगाराचा अर्धा. नागपूरला भाड्याची मोटार करून नेऊन आणली तर चार-पाच हजार लागतात. म्हणजे हप्त्याच्या पैशात जवळजवळ दर महिन्याला दोनदा भाड्याच्या गाडीने नागपूर होते. आणि सेवाग्रामला एस.टी.ने दोघांचे जाणे-येणे चारशेच्या आसपास आहे. २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धे तिकीट आहे. मला पासष्ट पूर्ण झाली की माझेही अर्धे होईल.

सवलतींचेही नीट पाहिले पाहिजे. राज्य सरकारने ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या मोटारींना टोल माफ केला, पण तो मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर. समृद्धी आपल्या जिल्ह्यातून जात नाही. केंद्राच्या अनुदानातही खासगी मोटारीचा समावेश नाही. जाहिरातीत सवलत वाचली की ती आपल्या रस्त्यावरची आहे काय, हे विचारावे.

एवढे लिहून झाल्यावर सूनबाई पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही सगळ्यांच्या फेऱ्या मोजल्या. माझ्या मोजल्या नाहीत.’

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. बावीस किलोमीटर जाणे, बावीस येणे, महिन्यातले पंचवीस दिवस. अकराशे किलोमीटर. सगळ्या घराच्या दुप्पट! संध्याकाळी बस चुकली की ती फाट्यावर काळीपिवळीची वाट पाहत उभी राहते. गाडी भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली की बायांना कडेवर बसावे लागते. पावसाळ्यात घरी यायला आठ वाजतात. नातीचा अभ्यास घ्यायला कोणी नसते. आम्ही चार महिने दारात उभ्या राहणाऱ्या मोटारीवर बोललो आणि रोज रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाकडे पाहिलेच नाही. माझी मान खाली गेली.

जानेवारीत आम्ही विजेवरची स्कूटर घेतली. एक लाखाच्या थोडी वर पडली. कर्ज काढले नाही. तिची बॅटरी तीन युनिटांची आहे, घरच्या साध्या प्लगवर रात्रीतून भरते. तरी मी अर्थिंग नवे करून घेतले आणि त्या पॉइंटला जाड वायर टाकली. रोजच्या चव्वेचाळीस किलोमीटरला दीड-दोन युनिट लागतात. आता सूनबाई दिवे लागायच्या आत घरी असते. उरलेली ठेव नातीच्या पुढच्या शिक्षणासाठी तशीच आहे. वणीच्या घरातली वायरही मी जाऊन बदलून आलो. तो खर्च घरमालकाकडे मागत बसलो नाही, कारण तिथे माझी नातवंडे झोपतात.

मोटारीचा विषय मात्र संपलेला नाही. मुलाच्या मोबाईलमध्ये त्या गाडीचा फोटो अजून आहे, आणि मी त्याला तो काढून टाक म्हणत नाही. १ जून १९४८ ला एस.टी.ची पहिली बस पुणे-अहमदनगर धावली आणि त्याच मार्गावर १ जून २०२२ ला विजेवरची पहिली शिवाई धावली. मधे चौऱ्याहत्तर वर्षे गेली. आपल्या महामार्गांवर चार-चार चालू यंत्रांची स्टेशने होतील, बॅटऱ्या स्वस्त होतील, तेव्हा आमची वही आम्ही पुन्हा उघडू. नातीच्या शिक्षणाचे पाहू आणि मग गाडीचे पाहू.

ज्या घरांत आज हा प्रश्न आहे त्यांना एवढेच सांगणे : दुकानात जाण्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार वाचा, बोर्डाची वायर आणि अर्थिंग तपासा, आणि महिनाभर घरातल्या प्रत्येकाच्या फेऱ्या एका कागदावर लिहा. प्रत्येकाच्या म्हणजे प्रत्येकाच्या. जी बोलत नाही, तिच्या आधी लिहा.